विषय आहे, गोष्ट कुठे आहे?

पहिली पटकथा लिहायला बसलेल्या कुणालाही ‘कशावर लिहितोयस?’ असं विचारलं, तर उत्तर तोंडावर असतं. शेतकरी आत्महत्या. मोबाइलच्या नादी लागलेली मुलं. पट घसरून बंद पडायला आलेली गावची शाळा. म्हाताऱ्या आईवडलांना इथे ठेवून परदेशी गेलेला मुलगा. विषय खरा असतो, बोलणाऱ्याची तळमळही खरी असते. मग पुढचं विचारावं, ‘बरं, त्यात घडतं काय?’ इथे गाडी अडते. ‘म्हणजे एक शेतकरी असतो, त्याची परिस्थिती फार बिकट असते...’ आणि परिस्थितीच्या पुढे काही सरकत नाही.

यात कुवत कमी पडते असं नाही. दहा वर्षं शाळेत आपण निबंध लिहितो आणि निबंधाला विषय पुरतो. ‘पाणी हेच जीवन’ म्हटलं की दीड पान सहज भरतं. पडद्यावर मात्र परिस्थिती नावाची वस्तू दाखवता येत नाही. तिथे दिसतो तो माणूस, आणि तो करतो काय ते. कॅमेऱ्याला कर्जबाजारीपणा दिसत नाही. सोसायटीच्या ऑफिसबाहेर, चप्पल काढून आत जावं की तसंच परत फिरावं अशा घोळात उभा राहिलेला माणूस दिसतो.

सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ हा पहिला चित्रपट २००९ सालचा. विदर्भातल्या आत्महत्यांच्या बातम्या तोवर इतक्या नेहमीच्या झाल्या होत्या, की वाचणारा पान उलटून पुढे जाई. या विषयावर सिनेमा काढायचा म्हटलं तर दहातले नऊ जण एकच वाट धरतील: नापिकी, सावकार, बायकोचे दागिने, शेवटी झाडाची फांदी. मनवर यांच्या गोष्टीत फास आधीच बसलेला आहे, पण शेजारच्या घरात. त्या मरणानं अलका या शेतकऱ्याच्या बायकोच्या मनात धसका बसतो, की आता आपला नवराही हेच करणार. ती ठरवते, त्याला एकटं म्हणून सोडायचं नाही. लहानग्या पोराला त्याच्या मागावर लावून देते, सासूलाही पहाऱ्यात सामील करून घेते. नवऱ्याला, किस्नाला, या पाळतीचा पत्ता नाही. त्याच्या डोक्यात पेरणी आणि पाऊस.

विषय तोच राहिला, पण वजन दुसरीकडे गेलं. मरणाऱ्याकडून ते त्याला राखणाऱ्या बाईकडे आलं, आणि तिला रोज उठून करायला काम मिळालं. बाप कुठेही निघाला की मागे मागे फिरणारं पोर हे दृश्य एकाच वेळी हसवतं आणि पोटात गोळा आणतं. लेखकाला एकही भाषण लिहावं लागत नाही. नुसता ‘विषय’ घेऊन बसला असता, तर पानोपानी भाषणं लिहावी लागली असती.

पटकथेवरची पुस्तकं हेच सूत्रात सांगतात: कुणाला काहीतरी हवं असतं, त्याच्या आड काहीतरी येतं. सिड फील्ड यांचं १९७९ साली आलेलं ‘स्क्रीनप्ले’ हे पुस्तक जगभरच्या नवशिक्यांनी उशाशी घेतलं, आणि त्यातले तीन अंक, पंचविसाव्या पानाच्या आसपासचं वळण वगैरे गोष्टी आपल्याकडच्या कार्यशाळांमध्येही मुखोद्गत असतात. पुस्तक चांगलंच आहे. अडचण एवढीच, की ते फार लवकर हातात पडतं. वळण कितव्या पानावर हवं हे लेखकाला पक्कं ठाऊक असतं. वळायचं कुणी, हे ठरलेलं नसतं.

‘हवं असणं’ म्हणजे काय, हे समजायला नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) वही-पेन घेऊन बघावा. त्याचा विषय जात आहे, यात वाद नाही. पण जब्या नावाच्या त्या शाळकरी पोराला जातिअंत नकोय. त्याला शालू हवीय. आणि शालू मिळावी म्हणून त्याला काळी चिमणी हवीय, कारण ती जाळून तिची राख पोरीच्या अंगावर टाकली की ती आपल्या प्रेमात पडते, असं त्यानं ऐकलंय. एवढीशी, भाबडी, हातात धरता येईल अशी गोष्ट. गलोल घेऊन पक्ष्यामागे धावणारा मुलगा कॅमेऱ्याला सहज दिसतो.

त्या ‘हवं’च्या पोटात एक ‘नको’ दडलेलं आहे, आणि माझ्या मते सिनेमाचा खरा कणा ते आहे. जब्याच्या घरचं काम डुकरं धरण्याचं. ते करताना शालूनं आपल्याला बघू नये, हे त्याचं ‘नको’. कथाबीजाच्या पातळीवर एवढं हाती आलं की शेवट वेगळा शोधावा लागत नाही. ज्या क्षणाला तो सगळा सिनेमाभर टाळतोय तोच त्याच्यापुढे उभा करायचा, तोही जितक्या उघड्यावर करता येईल तितक्या उघड्यावर. शाळेजवळ, गाव बघायला जमलेलं, बघणाऱ्यांत शालूही. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि डुकरामागे धावणारं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. डुकराला तसली काही अडचण नसते. पुढे तेच डुक्कर बांबूला बांधून नेताना मागच्या भिंतीवर समाजसुधारकांची चित्रं दिसतात. हे दोन्ही प्रसंग विषयाबद्दल इतकं बोलतात की त्यावर निबंध लिहिता येईल. पण ते आले जब्याच्या भीतीतून. आधी विषय धरून, मग त्याला शोभेलसं प्रतीक शोधायला निघालं, तर भिंतीवरची चित्रं नुसती भिंतीवरची चित्रं राहतात.

कधी कधी ज्या विषयानं आपल्याला दारापर्यंत आणलं, त्याला दाराबाहेरच थांबवावं लागतं. रितेश बत्रा मुंबईच्या डबेवाल्यांवर माहितीपट करायला निघाले होते. विषय पाहणाऱ्याला भुरळ घालणाराच: मावळ, खेड, जुन्नर भागातून आलेली माणसं, पांढरी टोपी, डब्यावरच्या खुणांची सांकेतिक लिपी, आणि न चुकण्याची ख्याती. बत्रा त्यांच्यासोबत हिंडले, आणि डबे जिथून उचलले जातात त्या घरांबद्दलच्या गप्पा त्यांच्या कानावर पडू लागल्या. माहितीपट राहिला बाजूला. २०१३ साली आला तो ‘द लंचबॉक्स’ हा कथापट, त्यांचा पहिलाच. त्याची पटकथा राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या (एनएफडीसी) पटकथा-लेखन प्रयोगशाळेतून घडत गेली. त्यात डबेवाले आहेत, पण निरोप्यांसारखे. गोष्ट आहे इला नावाच्या गृहिणीची आणि निवृत्तीला टेकलेल्या साजन फर्नांडिसची. नवऱ्यासाठी केलेला डबा रोज चुकीच्या टेबलावर जातो त्याची.

गंमत अशी, की डबेवाल्यांच्या विषयात सर्वांत कौतुकाची बाब म्हणजे त्यांचं न चुकणं. गोष्ट उभी राहिली ती चुकण्यावर. ‘एवढी चोख व्यवस्था चुकली तर?’ हा प्रश्न विषयाच्या पोटातच होता. ‘समजा, असं झालं तर?’ हा प्रश्न नव्या लेखकाला कुणीतरी शिकवतंच. पण तो विषयात जे सर्वांत पक्कं समजलं जातं नेमक्या त्याला विचारायचा असतो, हे सहसा कुणी सांगत नाही.

आता एक विषय हातात घेऊन प्रत्यक्ष करून बघू. वर आलेली शाळाच घेऊ. ज्यांचा पट २० च्या खाली गेला अशा शाळा बंद कराव्यात, ही चर्चा महाराष्ट्रात अधूनमधून उठते. पहिली ओळ लिहू: ‘वाडीवरची शाळा पट कमी झाल्यामुळे बंद होणार आहे.’ ही बातमी झाली. यात झोप कुणाची उडते? मुलांची, पालकांची, सरपंचाची, गुरुजींची. गुरुजी घेऊ. गुरुजींना शाळा वाचवायची आहे. का? मुलांचं भलं व्हावं म्हणून. हे उत्तर मनात आलं की थांबावं, कारण असे गुरुजी तिसऱ्या प्रसंगात भाषण करणार हे नक्की. त्यांना थोडे स्वार्थी करू. त्यांनी तालुक्याच्या गावी कर्ज काढून घर बांधलंय, बायकोची नोकरी तिथेच, आणि ते रोज मोटारसायकलवर अप-डाऊन करतात. शाळा बंद झाली की ते अतिरिक्त ठरणार, समायोजनात कुठल्या कुठे फेकले जाणार. म्हणजे त्यांना हवीय पटावरची संख्या. एक मूलसुद्धा कमी होऊन चालणार नाही.

मूल कमी होतं कसं? वाडी बीडकडची असेल तर उत्तर शोधावं लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि परत यायचं ते गुढीपाडव्याच्या आसपास. पाचवीतली एक मुलगी आईबापांबरोबर निघालीय. गुरुजी तिच्या बापाला गाठून बोलून जातात, ‘आमच्या घरी ठेवा तिला. लेकीसारखी राहील.’ हे बोलताना त्यांनी बायकोला विचारलेलं नाही.

इथे प्रसंग आपोआप यायला लागतात. संध्याकाळी तालुक्याच्या घराचं दार उघडतं. दारात नवरा, आणि त्याच्या मागे प्लॅस्टिकच्या पिशवीत कपडे घेतलेली अनोळखी मुलगी. बायको मुलीकडे बघते, मग नवऱ्याकडे. मुलीला म्हणते, ‘ये आत. पाय धू.’ नवऱ्याशी एक शब्द बोलत नाही. पटकथेत हा प्रसंग अर्ध्या पानाचा होईल, आणि त्यात कुणी कुणाला शाळेच्या पटाबद्दल काही सांगत नाही. रोज सकाळी गुरुजी आणि त्यांच्या मागे बसलेली मुलगी त्याच मोटारसायकलवरून वाडीला जातात. वाटेत उसानं भरलेले ट्रॅक्टर आडवे येतात, आणि मुलगी प्रत्येक ट्रॅक्टरकडे मान वळवून बघते.

ती का बघते? कारण तिलाही काहीतरी हवं असायला पाहिजे. नवशिक्याच्या पटकथेत नायकालाच फक्त इच्छा असते. बाकीची माणसं त्याला मदत करायला नाहीतर आडवं यायला उभी केलेली असतात. या मुलीला शाळा आवडते, पण तिच्या कडेवर वाढलेला तीन वर्षांचा भाऊ आईबापांबरोबर फडावर गेलाय. तिला त्याच्याकडे जायचंय. ती पळून जायचा प्रयत्न करणार. गुरुजींच्या आड आता कुणी खलनायक नाही, एक पाचवीतली पोर आहे, आणि तिची बाजूही खरी आहे. ओळ पुन्हा लिहू: ‘बदली टळावी म्हणून शाळेचा पट टिकवू पाहणारा शिक्षक ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबातली मुलगी स्वतःच्या घरी ठेवून घेतो, पण तिला तिथे राहायचंच नसतं.’ शाळांचा प्रश्न त्यात आहेच. स्थलांतराचा प्रश्न न बोलावता आला.

या ओळीत एक उणीव राहते ती काळाची. हे कधीपर्यंत चालणार? मुदत नसली की मधला भाग पसरत जातो आणि लेखक उपकथानकांनी भोकं बुजवायला लागतो. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) आठवा. माधवी घारपुरे यांच्या कथेवरचा हा चित्रपट, ‘श्यामची आई’नंतर सुवर्णकमळ मिळवणारा दुसरा मराठी सिनेमा. कोकणातले आजोबा नातवाला डोळे दाखवायला शहरात आणतात, कॅन्सर निघतो. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, दृष्टी जाईल. यातली ‘शस्त्रक्रियेआधी’ ही मुदत काढून घ्या, उरेल ती फक्त एक दुःखद हकिकत. ती मुदत आहे म्हणून आजोबा नातवाला घेऊन हॉस्पिटलमधून नाहीसे होतात तेव्हा श्वास अडकतो: पोराला जग बघायला उरलाय तो एवढाच वेळ. आपल्या गुरुजींना मुदत फारशी शोधावी लागणार नाही. पटपडताळणीची तारीख पुरे.

गोष्ट इथवर आली की लेखकाला एक भीती ग्रासते: कुणाला सांगितली आणि त्यानं चोरली तर? चोऱ्या होतात, नाही असं नाही. पण या बाबतीत आपला कायदा काय धरतो, हे माहीत असलेलं बरं. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्याचा निकाल दिला. आनंद यांनी ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक लिहिलं होतं. पंजाबी आणि मद्रासी कुटुंबं शेजारी आणि प्रांतीय दुराव्याच्या आड अडलेलं लग्न, असा त्याचा गाभा. ते त्यांनी एका चित्रपट-दिग्दर्शकाला ऐकवलं. १९५६ साली त्याच दिग्दर्शकाचा ‘न्यू दिल्ली’ आला. त्यातही प्रांतवाद, त्यातही पंजाबी आणि मद्रासी कुटुंबं. पण त्यातला पंजाबी तरुण दिल्लीत घर भाड्यानं मिळावं म्हणून स्वतःला मद्रासी म्हणवून घेतो, आणि हुंड्यासारखे इतरही धागे त्यात आहेत. न्यायालयानं म्हटलं की कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कुणाचा स्वामित्वहक्क नसतो. तो असतो त्यांच्या मांडणीवर, आणि या दोन मांडण्या पुरेशा वेगळ्या आहेत. आनंद हरले.

त्यांचं वाईट वाटतं. पण प्रांतवाद हा विषय एका लेखकाच्या नावे लिहून दिला असता, तर पुढच्या कुणाला त्याला हातच लावता आला नसता, हेही खरं. ‘ऊसतोड मजुरांच्या मुलांवर सिनेमा’ ही कल्पना कुणीही घेऊ शकतं, आणि घ्यावीही. पिशवी घेऊन दारात उभी असलेली मुलगी, मोटारसायकल, ट्रॅक्टरकडे वळणारी मान हे सगळं चार-पाच पानांत नीट उतरवलं की ते तुमचं होतं. मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन ती पानं नोंदवता येतात. त्यानं तारखेचा पुरावा राहतो. त्यानंतर मात्र गोष्ट ऐकवत सुटावं, कारण न ऐकवलेली गोष्ट सुधारत नाही.

कुणाला ऐकवायची, यात थोडी निवड हवी. मित्र ‘भारी आहे’ म्हणतात. सिनेमातली माणसं ‘इंटरव्हलला काय?’ विचारतात, आणि तो प्रश्न रास्तच असतो. पण ज्यांच्या आयुष्यावर लिहिताय त्यांच्यापैकी कुणालातरी ऐकवलं की खरी पंचाईत होते. ही गुरुजींची गोष्ट फडावर कोयता चालवणाऱ्या एखाद्या बाईला सांगा. ती पट, बदली, समायोजन हे सगळं ऐकून घेईल आणि विचारेल, ‘पोरीला ठेवलं, तर बारक्याला कोण बघणार? मला ऊस कसा तोडू देईल तो?’

प्रश्न साधा आहे, आणि रचलेली गोष्ट त्यानं कोसळते. मुलीला आईबाप बरोबर नेतात ते भाऊ सांभाळायलाच. ती मागे राहिली तर आईचा हात अडकतो, कोयता अर्ध्यावर येतो, उचल फिटत नाही. म्हणजे आई गुरुजींना इतक्या सहजी हो म्हणणार नाही. ती सांगेल, पोरीला ठेवताय तर बारक्यालाही ठेवा. आणि पट राखायच्या घाईत असलेले गुरुजी त्यालाही मान डोलावतील.

आता दारात एक मुलगी नाही. मुलगी आहे आणि तिच्या कडेवर तीन वर्षांचं पोर आहे. त्याचा पटावर उपयोग शून्य. भाऊ बरोबर आल्यामुळे मुलीला पळून जायचं कारणही संपलं, म्हणजे आपण योजलेला विरोधच निकालात निघाला. तो आता दुसरीकडून यायला हवा, आणि घरात तिसरं माणूस आहेच: जिला न विचारता हे सगळं झालं ती बायको. पहिले काही दिवस ती धुसफुसेल. मग तो बारका तिच्याच हातानं जेवायला लागेल, तिच्याशिवाय झोपेनासा होईल. पटपडताळणी होऊन जाईल, गुरुजींचं काम झालेलं असेल, आणि पाडव्याला मुलांची आई आपली पोरं न्यायला दारात येईल. गुरुजींच्या बायकोला तेव्हा काय हवं असेल, हे ठरवलं की वहीतली ती एक ओळ खोडून नव्यानं लिहायला घ्यावी लागेल; बहुधा कर्ता बदलून.